तापलेल्या नळांची तपासणी



राजूरहून एका शिक्षकांचे पत्र आले आहे. राजूर म्हणजे भोकरदन तालुक्यातले, गणपतीचे राजूर; अंगारकीला जिथे जालन्याकडून पायी येणाऱ्या माणसांची रांग लागते ते. गुरुजी लिहितात की, उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतात हा धडा वर्गात चालला होता. कडे आणि गोळा यांचा नेहमीचा प्रयोग झाला. तेवढ्यात एका मुलाने उठून विचारले, अणुवीज केंद्रात तर नळ रात्रंदिवस तापलेले असतात, मग ते वाढून फुटत कसे नाहीत? आणि फुटणार नाहीत हे कोण पाहतो, कसे पाहतो? गुरुजींना उत्तर देता आले नाही. त्यांनी पुढे लिहिले आहे की, या मुलाचा मामा तारापूरला कामाला आहे. म्हणजे प्रश्नात नुसती जिज्ञासा नव्हती, काळजी होती. अशा प्रश्नाला वरवरचे उत्तर देऊन चालत नाही, म्हणून आजचे सगळे भाषण त्या मुलासाठी.

या प्रश्नाचे अर्धे उत्तर राजूरच्या एखाद्या म्हाताऱ्या लोहाराजवळ नक्की असेल. बैलगाड्यांना आता रबरी टायर आले, लाकडी चाके दिसेनाशी झाली. पण चाकाला धाव चढवताना ज्याने एकदा पाहिली, त्याच्या डोळ्यांपुढून ते दृश्य जायचे नाही. धाव म्हणजे चाकावरची लोखंडी पट्टी. ती चाकाच्या घेरापेक्षा मुद्दाम थोडी तोकडी करतात. गोवऱ्यांच्या जाळात ती लालबुंद होऊ देतात, दोघे-तिघे मिळून सांडशीने उचलतात, चाकावर बसवतात आणि लगेच बादलीने पाणी ओततात. चर्र आवाज होतो, वाफेचा लोट उठतो आणि त्या वाफेतून लाकूड कुरकुरलेले ऐकू येते. चौदा फूट घेराची धाव सहाशे अंशांनी तापली, तर इंच-सव्वा इंच वाढते. थंड होताना तिला तेवढेच आखडायचे असते, पण चाक आडवे येते. धाव आवळते, चाक हटत नाही, आणि या झोंबाझोंबीत आरे नि तुंबा असे घट्ट बसतात की गाडी पुढे कित्येक वर्षे खडकाळ रस्त्याने चालते.

या झोंबाझोंबीला यंत्रशास्त्रात औष्णिक ताण म्हणतात. आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. धाव नुसती जमिनीवर ठेवून तापवली आणि निवू दिली, तर ती वाढेल, आखडेल आणि तिच्यात ताण म्हणून काही उरणार नाही. ताण आला तो चाकाने अडवल्यामुळे. शेतकरी बंधूंना याचा दुसरा अनुभव आहे. उन्हात पसरलेली प्लास्टिकच्या पाइपांची लाइन दुपारी जोडली आणि ताणून सरळ केली, तर पहाटेच्या गारठ्यात एखादा सांधा निखळलेला सापडतो. प्लास्टिक लोखंडाच्या पाचसहा पट वाढते आणि आखडते. शंभर मीटरची लाइन वीस अंशांनी गार झाली, तर बारा-चौदा सेंटिमीटर आखडते. म्हणून जाणता माणूस चरात पाइप थोडा नागमोडी टाकतो. अणुवीज केंद्रातला अभियंता मुळात तेच करतो. फक्त त्याच्याकडे चूक परवडत नाही.

आता तारापूरला चला. पालघर जिल्ह्यात अरबी समुद्राच्या काठी हे केंद्र आहे. त्याची पहिली दोन यंत्रे अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने उभारलेली. ऑक्टोबर १९६९ मध्ये ती रीतसर वीज देऊ लागली आणि भारतात अणूपासून वीज मिळण्याचा तोच आरंभ. पुढे आपल्याच अभियंत्यांनी तिथे ५४० मेगावॅटची दोन मोठी यंत्रे बांधली, एक २००५ साली सुरू झाले, दुसरे २००६ साली. या नव्या यंत्रांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण या गावांना आपल्या जागेवरून उठावे लागले. ज्यांनी जमीन सोडली त्यांना तरी तिथले नळ कसे तपासतात हे समजले पाहिजे, असे मला वाटते. असो.

पहिल्या दोन यंत्रांत पाणी अणुभट्टीतच उकळते आणि ती वाफ थेट चक्रावर जाते. पाण्याचे उष्णतामान सुमारे २८५ अंश सेल्सिअस, दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ७० किलो. घरातल्या कुकरची शिट्टी साधारण एक किलो दाबाला होते आणि आत १२० अंश असतात. म्हणजे सत्तर कुकरांचा दाब एकावर एक. नवीन यंत्रांची रीत वेगळी. त्यांत जड पाणी असते आणि ते भट्टीतल्या ३९२ नळ्यांतून फिरते. ही नळी म्हणजे इंधन आणि बाहेरचे जग यांच्यामधली भिंतच. दोन्हीकडे गोष्ट एकच की, त्या पाण्याला आणि वाफेला बाहेर येऊ द्यायचे नाही. किरणोत्सार हा एक भाग झाला. दुसरा असा की, भट्टी बंद केली तरी इंधन लगेच निवत नाही, त्याला पाणी देत राहावेच लागते. नळ फुटला की ते पाणीच जाते.

गुरुजींनी हे गणित फळ्यावर घालावे. पोलाद एका अंशाला आपल्या लांबीच्या ०.००००१२ पट वाढते. दहा मीटर नळ, अडीचशे अंशांनी तापला. दहा गुणिले अडीचशे गुणिले ०.००००१२, म्हणजे ०.०३ मीटर. तीन सेंटिमीटर. एवढेच ना, असे कोणी म्हणेल. पण दोन्ही टोके भिंतीत पक्की चिणून हाच नळ तापवला, तर हिशेबाने दर चौरस सेंटिमीटरवर सहा हजार किलो, म्हणजे सहा टन रेटा निघतो. साधे पोलाद अडीच टनांच्या आसपासच कायमचे वाकू लागते. नळ तरी वाकेल, नाहीतर भिंत तरी फुटेल, नाहीतर सांध्याला चीर जाईल. गंजरोधक पोलाद, ज्याला आपण स्टेनलेस म्हणतो, ते तर याच्या जवळजवळ दीडपट वाढते.

म्हणून केंद्रात नळ शक्यतो सरळ नेत नाहीत. पाहुण्याला वाटते, दहा पावलांवर जायचे तर हे तीन वळसे कशाला घेतले? तर त्या वळशांतच नळाला अंग हलवायला जागा मिळते. नळ खालून ठोकळ्यांवर घट्ट न ठेवता पुष्कळ ठिकाणी वरून कमानीच्या टांगणीने, म्हणजे स्प्रिंगने, लटकावतात. नळ वर-खाली झाला तरी वजन पेलले जाते.

इथे एक पेच पडतो. नळाला तापताना मोकळीक हवी, पण भूकंपात तोच नळ हिंदकळून उपयोगाचा नाही. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा धक्का आणि ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट महाराष्ट्र विसरलेला नाही. तेव्हा घट्ट बांधावे तर उष्णता मारते, सैल सोडावे तर भूकंप. यावर स्नबर नावाची एक युक्ती आहे. मोटारीतला पट्टा आठवा. हळू ओढला तर येतो, हिसका दिला तर जागच्या जागी अडकतो. स्नबर तसाच. नळ तासन्‌तास हळूहळू वाढतो तेव्हा तो वाट देतो, धक्का बसला की क्षणात आवळून धरतो. मला तर हे साधन सगळ्या केंद्रातले सर्वांत शहाणे वाटते. पण शहाण्यालाही तपासावे लागते. आतले तेल गळाले किंवा दांडा गंजून बसला, तर हाच स्नबर नळाला चाकासारखा अडवून धरील. म्हणून ठरावीक काळाने काही काही स्नबर काढून बाकावर चालवून पाहतात.

मग तपासणी सुरू कशी होते? केंद्र नवे असते, इंधन अजून घातलेले नसते, तेव्हाच ती सुरू होते. आधी नळांत थंड पाणी भरून नेहमीपेक्षा जास्त दाब देतात. हवा का नाही? दाबलेली हवा स्फोटासारखी सुटते. पाणी फार दाबले जात नाही, त्यामुळे चीर गेली तरी थोडे पाणी गळून दाब उतरतो आणि माणूस वाचतो. त्यानंतर पाणी हळूहळू तापवतात. उकळत्या पाण्याच्या भट्टीला ताशी साधारण पंचावन्न अंशांची मर्यादा असते. घाई केली तर नळाची आतली बाजू तापते, बाहेरची थंड राहते आणि एकाच भिंतीत दोघांची ओढाताण होते. जळत्या कंदिलाच्या काचेवर पाण्याचा थेंब पडला की काच तडकते, तो याच ओढाताणीचा प्रकार.

नळ तापत असताना माणसे टप्प्याटप्प्याने थांबून फिरतात आणि पाहतात. प्रत्येक स्प्रिंगच्या टांगणीवर एक पट्टी असते आणि तिच्यावर दोन खुणा, एक थंडीची, एक तापल्यानंतरची. काटा थंडीच्या खुणेवरून निघून दुसऱ्या खुणेपर्यंत पोचला पाहिजे. न पोचला तर नळ कुठेतरी अडला आहे. कधी कारण अगदीच क्षुल्लक असते. कारखान्यातून टांगणी येते तेव्हा ती हलू नये म्हणून तिच्यात खिळ घातलेली असते. ती काढायचीच राहून जाते. कधी बांधकामाच्या वेळची एखादी लाकडी फळी नळ आणि खांब यांच्यामध्ये राहते. हजारो कागदांवरचे गणित बरोबर असते आणि एक विसरलेली खिळ ते खोटे ठरवते. म्हणून हे काम कागद पाहून होत नाही, नळाबरोबर चालतच जावे लागते. जिथे माणूस जाऊ शकत नाही तिथे तार बांधलेली मापके ठेवतात. पुढे नळ परत निवू देतात आणि काटा आपल्या पहिल्या खुणेवर परत येतो का, हे पाहतात.

इथपर्यंत एकदा तापण्याची गोष्ट झाली. पण लोखंडी तार एकदा वाकवली तर तुटत नाही, पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते. नळांचेही तसेच. फ्रान्समध्ये सिव्हो नावाचे केंद्र आहे. १२ मे १९९८ रोजी तिथल्या अगदी नव्या यंत्रात, भट्टी निववण्याच्या एका नळाच्या वळणाला १८ सेंटिमीटरची चीर पडली आणि तासाला सुमारे तीस हजार लिटर पाणी वाहू लागले. कोणाला इजा झाली नाही. दाब नेहमीचाच होता, नळही जुना नव्हता. मग झाले काय? त्या ठिकाणी गरम आणि थंड पाण्याचे दोन प्रवाह एकत्र येत होते. ते लगेच मिसळत नव्हते. नळाच्या आतल्या अंगाला कधी गरम पाण्याची पट्टी चाटून जाई, कधी थंड. क्षणात फुगायचे, क्षणात आखडायचे. बाहेरून हात लावला तर कळणार नाही, आणि काही महिन्यांत चीर आरपार!

आडव्या नळात आणखी एक गंमत होते. तांब्याच्या बंबात वरचे पाणी कढत आणि तळचे कोमट असते, हे आपण रोज पाहतो. पाणी संथ असेल तर नळातही तसेच थर होतात. नळाची वरची पाठ जास्त वाढते, खालचे पोट कमी, आणि नळ मधोमध कमानीसारखा वर उचलला जातो. जुन्या आराखड्यांत हा विचार पुरेसा केलेला नव्हता. १९८८ साली अमेरिकेच्या अणुनियामक मंडळाने याबद्दल तिथल्या केंद्रांना परिपत्रके काढून गणिते पुन्हा करायला लावली. तेव्हापासून अशा जागी नळाच्या वर आणि खाली दोन्हीकडे तापमापके बांधण्याची पद्धत रुळली.

आता चीर शोधायची कशी, ते सांगतो. मडके घेताना आपण टिचकी मारून पाहतो. फुटके मडके बद्द वाजते. पोलादाचा नळ तसा वाजवून भागत नाही. त्याच्या भिंतीत कानाला न ऐकू येणारा आवाज सोडतात, सेकंदाला वीस ते पन्नास लाख कंपनांचा. विहिरीत हाक मारली की प्रतिध्वनी येतो, तसा तो भिंतीच्या पलीकडच्या कडेवरून परत येतो. मध्येच चीर असेल तर एक प्रतिध्वनी लवकर येतो. दवाखान्यात सोनोग्राफी करताना पोटावर थंडगार मलम लावतात ना, तसेच इथेही नळाला लावावे लागते, कारण मध्ये हवेचा पातळ थर राहिला तरी आवाज आत शिरत नाही. याशिवाय गॅमा किरणांनी सांध्याचे छायाचित्र घेतात. पृष्ठभागावरच्या बारीक चिरांसाठी तांबडा रंग लावून पुसतात आणि वर पांढरी भुकटी मारतात. चिरेत उरलेला रंग भुकटीत वर येऊन तांबडी रेघ उमटते. हा प्रयोग शाळेतही जमेल.

आवाजाची तपासणी ऐकायला सोपी, करायला अवघड. स्टेनलेस पोलादाच्या वेल्डिंगमध्ये दाणे मोठे असतात, त्यांच्यावरूनही प्रतिध्वनी उठतात. पडद्यावर दिसणारे ते टोक चिरेचे की दाण्याचे, हे ओळखायला वर्षे लागतात. शिवाय भट्टीजवळच्या सांध्यापाशी फार वेळ थांबता येत नाही. तिथल्या कामगाराच्या छातीवर किरणोत्सार मोजणारा बिल्ला असतो. भारताच्या अणुऊर्जा नियामक मंडळाने कामगाराला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट ही मर्यादा घालून दिली आहे. म्हणून आधी बाहेर तसाच खोटा नळ मांडून त्यावर सराव करतात, आणि मग आत जाऊन थोडक्या वेळात काम उरकतात. बाळ, तुझा मामा कोणत्या कामावर आहे मला ठाऊक नाही, पण आत जात असेल तर तो बिल्ला त्याच्या छातीवर असणार. सुटीत घरी आला की त्यालाच विचार.

आणि एवढे सगळे असूनही माणूस चुकतो. जपानमध्ये मिहामा येथे ९ ऑगस्ट २००४ रोजी तिसऱ्या यंत्राचा एक नळ फुटला. अणुभट्टीकडचा नव्हे, वाफेच्या चक्राकडचा. त्यात किरणोत्सारी पाणी नव्हते. पण पाणी १४० अंशांचे होते. जवळच कामगार पुढच्या दुरुस्तीची तयारी करीत होते. वाफेने भाजून पाच जण गेले, सहा जखमी झाले. नळाची भिंत मुळात दहा मिलिमीटरची. वाहत्या पाण्याने ती आतून झिजत झिजत फुटल्या जागी दीड मिलिमीटरहूनही पातळ झाली होती. यंत्र १९७६ सालचे. अठ्ठावीस वर्षांत त्या जागेची जाडी एकदाही मोजली गेली नव्हती, कारण तपासायच्या जागांच्या यादीत ती जागा लिहायचीच राहिली होती. चूक आदल्या वर्षी लक्षात आली होती. तपासणी ठरलीही होती, अपघातानंतरच्या काही दिवसांत. मला या साऱ्या विषयात ही गोष्ट सर्वांत जास्त बोचते. जाडी मोजायचे यंत्र हाताच्या तळव्यात मावते, मोजायला काही मिनिटे लागतात.

आपल्याकडेही गळती झाली आहे. गुजरातेत काकरापार येथे ११ मार्च २०१६ रोजी पहिल्या यंत्रातली जड पाण्याची एक नळी गळू लागली. यंत्र आपोआप बंद पडले, आवारातच आणीबाणी जाहीर झाली. कारण तापण्याचे नव्हते. नळी बाहेरच्या अंगाने गंजली होती. पुढे तिथल्या दोन्ही यंत्रांतील नळ्या बदलल्या गेल्या. पण या प्रसंगातून अभियंत्यांचा एक नियम समजतो. नळ असा करावा की तो एकदम तुटण्याआधी गळेल, आणि गळती असताना ती आपल्याला कळेल. म्हणून अणुभट्टीच्या खोल्यांत हवेतला दमटपणा मोजतात, तळच्या खड्ड्यात किती पाणी साठले ते मोजतात, जड पाण्याच्या यंत्रात हवेत ट्रिटियम आहे का ते पाहतात. गळणारा नळ ही त्या लोकांच्या दृष्टीने चांगली बातमी नसली, तरी वेळेवर आलेली बातमी असते.

तारापूरच्या जुन्या यंत्रांचे काय, असे गुरुजी विचारतील. त्या पिढीच्या उकळत्या पाण्याच्या भट्ट्यांत जगभर एकच दुखणे निघाले. वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्याशेजारचे स्टेनलेस पोलाद दाण्यांच्या कडांना नाजूक होते. त्यावर सांध्यात उरलेला ताण आणि पाण्यातला प्राणवायू, ही तिन्ही जुळली की दाण्यांच्या मधून चीर सरकते. तिघांपैकी एक काढून घेतले तरी चीर थांबते, म्हणून नव्या नळांत कर्बाचे प्रमाण कमी ठेवतात. तारापूरची ती दोन्ही यंत्रे २०२० साली बंद ठेवून, भट्टीचे पाणी फिरवणारे त्यांचे मोठे नळ नव्या, चिरांना दाद न देणाऱ्या पोलादाचे घालण्याचे काम हाती घेण्यात आले. पन्नास वर्षे वापरलेले नळ किरणोत्साराच्या जागेत कापून काढायचे आणि नवीन जोडायचे, म्हणजे चालत्या गाडीचे चाक बदलण्याइतके नसले, तरी वेळ खाणारे काम आहे.

आता शाळेसाठी एक प्रयोग सांगून संपवतो. वर्गाच्या दोन खिळ्यांमध्ये दोन मीटर लोखंडी तार बांधावी. मधोमध एक छोटे वजन टांगावे आणि त्याच्यामागे भिंतीवर पट्टी चिकटवावी. वजन जिथे आहे तिथे पट्टीवर खूण करावी, ही थंडीची खूण. मग दोन मुलांनी दोन मेणबत्त्या तारेखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवाव्यात. तार वाढेल केसाएवढी, पण वजन सेंटिमीटरभर तरी खाली येईल. तिथे दुसरी खूण करावी. मेणबत्त्या विझवून पाच मिनिटे थांबावे आणि वजन पहिल्या खुणेवर परत आले का ते पाहावे. पुष्कळदा ते थोडे खालीच राहते. तेव्हा मुलांना विचारावे, तार लांबली, की खिळा हलला, की गाठ सरकली? ज्या मुलाने प्रश्न विचारला होता त्याच्या हाती पट्टी द्यावी, आणि तिन्ही आकडे तारीख घालून वहीत लिहून ठेवायला सांगावेत.